गेटवरचं दावं

प्रिय दिपा,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन थांबलं. खोडावं असं मनात आलं होतं, पण ठेवलं आहे. त्याचा अर्थ मी तुझ्यावर खूश आहे असा काढू नकोस. बा फोनवर बोलत नाहीत, भाषण करतात, असं तू आपल्या आईला, याडीला, सांगितलंस आणि माझे फोन घेणं बंद केलंस. ठीक आहे, मग भाषण कागदावर घे. कागद फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस तो वाचतोच. हे पत्र डोंगरकड्याचा भागवत गवंडी तुझ्या हातात देईल. तुमच्या गेटपाशीच त्याचं काम चालू आहे आणि तो आमच्या तांड्यातला नसल्यामुळं त्याला आमचा ठराव लागू होत नाही.

ठराव काय, ते दुसऱ्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. मागच्या अमावास्येला देवळापुढं तांड्याची नसाब, आपली पंचायत, बसली. असं ठरलं, की तुमची मांस कंपनी म्हशीचा भाव वाढवत नाही आणि जनावर गेटवर आल्याबरोबर त्याचं वजन करत नाही, तोपर्यंत तांड्यातली एकही म्हैस त्या गेटमधून आत जाणार नाही. आणि कंपनीचा पगार घेणारं कुणीही तांड्यात पाऊल टाकणार नाही. ठराव मी मांडला. तांड्याचा नायक धनसिंग यानं डोकं खाजवत विचारलं, “आन् आपली दिपा?” सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं की तत्त्वाला नातं नसतं, त्याच्यासमोर दुसरं उत्तर कुठलं असणार? मी म्हणालो, “ठराव सगळ्यांसाठी असतो. दिपासाठीसुद्धा.” तुझी याडी बायकांच्या घोळक्यातून उठली, पदर सारखा केला आणि घरी निघून गेली.

तेव्हापासून ती मोजकं बोलत होती आणि आता तेही बंद आहे. ताट पुढं सरकवते, पाण्याचा तांब्या ठेवते, पण शब्द नाही. मी आयुष्यभर सभा गाजवल्या, टाळ्या घेतल्या, एकदा वसमतला दगडही घेतले. पण ऐकूनही न ऐकल्यासारखं करणारा श्रोता मला याआधी भेटला नव्हता. कारण ठराव असेल असं मला काही दिवस वाटत होतं.

तुला कळमनुरीचा बाजार आठवतो का? मला तो कधीच आवडला नाही आणि तुला सगळ्यात जास्त तोच आवडायचा. व्यापारी आपल्या खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकायचा आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. ही बोटं म्हणजे एवढे, आख्खी मूठ म्हणजे तेवढे. शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही, विकणाऱ्याच्या बायकोला कळायचं नाही. तू रुमालाखाली वाकून बघायचीस आणि व्यापारी तुला म्हणायचा, “पोरी, डोकं काढ, न्हाईतर तुझाबी भाव व्हईल.” मी त्या अंधाराविरुद्ध बोललो. उघडा काटा लावा, किलोवर भाव द्या, सगळ्यांदेखत द्या, अशी मागणी घेऊन मी बाजार समितीच्या पायरीवर बसलो तेव्हा तू शाळेत होतीस. सौदा झाला की म्हैस व्यापाऱ्याची, पण तिच्या गळ्यातलं दावं आपलं. दावं दिलं तर घराची लक्ष्मी जाते, म्हणून ते सोडून घरी आणायचं. मी हे काही मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. पण ते दावं तू माळेसारखं गळ्यात घालून कयाधूच्या पुलापर्यंत चालायचीस, मग दमून माझ्या खांद्यावर झोपायचीस आणि दाव्याचा शेणकट वास माझ्या सदऱ्याला लागायचा. सभेत कुणी विचारलं, की रामसिंगभाऊ, तुमच्या सदऱ्याला कसला वास येतो, तर मी सांगायचो, मालकीचा.

मग तुमची कंपनी आली, डोंगरकड्याच्या पुढं फाट्यावर, पांढऱ्या भिंती आणि निळं गेट घेऊन. तिच्याकडं काटा होता, संगणक होता, किलोवर भाव होता. आपण मागितलं ते सगळं होतं. लोक मला म्हणाले, भाऊ, तुमचं ऐकलं बघा. आणि त्याच वेळी बाकीचे व्यापारी संपले. बैलाला कायद्यानं हात लावता येत नाही, तो म्हातारा होऊन दावणीला उभाच असतो. विकायला उरली फक्त म्हैस, आणि म्हशीची गाडीसुद्धा रस्त्यात कोण अडवील, कोण मारील, याचा भरवसा राहिला नाही. छोट्या व्यापाऱ्यांनी धंदा सोडला. कुणी पंक्चरचं दुकान टाकलं, कुणी हैदराबादला गेलं. ज्याच्याकडं कागदपत्रं, मोठ्या गाड्या आणि वकील आहेत असा एकच घेणारा उरला, आणि एकच घेणारा असला की तो दर ठरवत नाही, हुकूम सोडतो. पहिल्या हंगामात त्यानं गोड भाव दिला. दुसऱ्या हंगामात उतरवला. यंदा तर उन्हं लागायच्या आत चारा संपला, माणसं भाकड म्हशी घेऊन निघाली आणि कंपनीनं ओळखलं, की यांच्या पाठीमागं भिंत आहे.

तुमच्या गेटवर काय चालतं हे तुला मी सांगायला नको, पण तू रोज बघतेस म्हणून कदाचित तुला ते दिसत नसेल. जनावर सकाळी येतं. त्याला उन्हात उभं करतात. आज गर्दी आहे, उद्या या. पाणी नाही, वैरण नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर घेतात तेव्हा म्हैस निम्मी सुकलेली असते. त्या सुकलेल्या वजनातून पुन्हा पोटातल्या चाऱ्याची घट कापतात, आणि पोटात चारा असतोच कुठं? आणि मग येते पांढऱ्या कोटातली डॉक्टरीणबाई. ती दात बघते, बरगड्या बघते आणि प्रत ठरवते. वरची, मधली, खालची. ती डॉक्टरीणबाई आपल्या तांड्याची आहे. तिचं नाव मी ठेवलं आहे.

जिवनबाईची म्हैस तुझ्यापुढं आली तो दिवस तू विसरली नसशील. तुझी याडी तापानं फणफणली होती त्या वर्षी जिवनबाईनं तुला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि तिच्या म्हशीच्या धारोष्ण दुधावर तू गालाला गुलाल लावल्यासारखी झालीस. त्याच म्हशीची ती नात होती. नवरा गेलेला, लेक पुण्याला, म्हातारी एकटी टेम्पोत म्हशीच्या शेजारी उभी राहून आली, कारण म्हैस घाबरते. एक रात्र गेटबाहेर काढली. तू खालची प्रत लिहिलीस. म्हातारी दावं गळ्यात घालून परत आली आणि ओट्यावर बसली. मी विचारलं, दिपा भेटली का. ती म्हणाली, “भेटली ना. म्हशीच्या तोंडात हात घातला तिनं. माझ्याकडं काई बघितलं न्हाई.” तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती तुझं कौतुक करायला लागली, की पोरगी दात बघायला किती हुशार झाली.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालीस, “बा, मी प्रत लिहिते. भाव मी ठरवत न्हाई.” दिपा, निजामाच्या अमलात पटवारी हेच म्हणायचा, मी फक्त लिहितो. जगातल्या प्रत्येक जुलमाला एक लिहिणारा लागतो आणि प्रत्येक लिहिणारा म्हणतो, माझ्या बोटाला शाई लागली, रक्त नाही. मी आयुष्यात पुष्कळ वाचलं, इतिहास वाचला, कायदे वाचले, आपल्या लोकांविषयी इंग्रजांनी लिहून ठेवलेला सगळा कचरा वाचला. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत होते. पाणवठा आला की आधी बैल प्यायचे, मग माणसं. हा नियम कुठल्या सरकारनं केला नव्हता. त्या लोकांची मुलगी शिकून डॉक्टर झाली आणि तहानलेल्या जनावराची प्रत लिहायला लागली. तू त्यावर उत्तर दिलंस, की बा, मी उठले तर दुसरा कुणी येऊन बसेल आणि तो बरगड्यासुद्धा बघणार नाही. हे उत्तर मी खोडून काढलं होतं, तासभर खोडून काढलं होतं. त्यानंतर तू फोन घेतला नाहीस.

आम्ही तुमच्या मॅनेजरला, पुष्कर साहेबांनाही भेटलो. हसरा माणूस. एसीत बसवलं, चहा दिला, चहाबरोबर बिस्किटं दिली, हात जोडून म्हणाला, दर माझ्या हातात नाही, दर वरून येतो. मी म्हणालो, “पाऊसबी वरूनच येतो साहेब, पण तो निदान सगळ्यांच्या शेतात पडतो.” आमची माणसं हसली. साहेबही हसला. त्याचं हसणं बघून मला कळलं, की या माणसाला विनोदानं काही होणार नाही.

आणि शहाणे लोक वेगळेच. कळमनुरीच्या चौकात चहाच्या टपरीवर एकजण मला म्हणाला, “म्हशी कापायला द्यायच्या आन् वर भावासाठी रडायचं, हे काहून?” मी त्याला म्हणालो, माझी भाकड म्हैस आज संध्याकाळी तुझ्या दारात बांधतो. तिला मरेपर्यंत चारा घाल, पाणी पाज, शेण काढ, मी दर दिवाळीला येऊन तुझ्या पाया पडीन. तो माणूस अर्धा चहा ठेवून गेला. दया करणारे पुष्कळ आहेत दिपा, वैरण टाकणारं कुणी नाही. म्हैस आम्ही जीव लावून वाढवतो आणि एक दिवस विकतो, ही आमची लाज नाही, आमचा संसार आहे. लाज असेल तर ती घेणाऱ्यानं वाटून घ्यावी.

तर दाव्यांची कल्पना माझी. विकलेल्या प्रत्येक म्हशीचं दावं घराघरात कणगीमागं टांगलेलं असतं. मी म्हणालो, सगळी दावी काढा, कंपनीच्या निळ्या गेटला बांधा. जगाला दिसू द्या, की या गेटातून काय काय आत गेलं आणि बदल्यात काय आलं. घोषणा नको, दगड नको, नुसती दावी. तरुणांना ते एकदम पटलं. बायकांना नाही. जिवनबाई म्हणाली, दावं घरात राहावं म्हणून तर सोडून आणतो, आणि तू ते कसायाच्या दाराला नेऊन बांधतोस. तुझी याडी म्हणाली, आपल्या घरातलं एकही दावं जाणार नाही. मी तिला समजावलं. अंधश्रद्धेवरचं माझं भाषण तुला पाठ आहे, ते सगळं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “तुमचं झालं का? मग मी हळद काढायला चालले.” ती शेतात गेली आणि मी कणगीमागं हात घातला. ज्यानं दुसऱ्याच्या घरातली दावी मागायची, त्यानं आपल्या घरातलं एक तरी पुढं ठेवलं पाहिजे. हाताला आलं ते काढलं.

गेटवरचा दिवस मला मरेपर्यंत पुरेल. कुरुंद्याची माणसं आली होती, डोंगरकड्याची आली होती, आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांवरून आली होती. एकेक जण पुढं यायचा, म्हशीचं नाव घ्यायचा आणि दावं बांधायचा. काजळी. मोरी. चांदी. ढवळी. पोलिसांना काय करावं ते कळेना, कारण गेटला दोरी बांधणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो? दुपारपर्यंत निळं गेट दिसेनासं झालं. तू दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी होतीस. मी तुला बघितलं आणि माईक हातात घेतला, आणि त्या दिवशी मी जे बोललो ते तुझ्याकडं बघूनच बोललो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर एक चित्रफीत फिरायला लागली. पांढऱ्या कोटातली डॉक्टरीणबाई सकाळी गेटजवळ येते, दाव्यांच्या गर्दीत हात घालते, एक दावं सोडते आणि आत निघून जाते. मला दुसरं काय हवं होतं? त्याच संध्याकाळी डोंगरकड्याच्या सभेत मी म्हणालो, आमचा भाव यांना सहन होत नाही, आमचा आवाज सहन होत नाही, आता आमची दावीसुद्धा सहन होत नाहीत. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. एवढ्या टाळ्या मला कित्येक वर्षांत पडल्या नव्हत्या. त्याच भाषणात मी सांगितलं, की गेटबाहेर जनावरांसाठी पाण्याचा हौद होतोय, तो आपल्या आंदोलनाचा पहिला विजय आहे. सभेनंतर हाच भागवत गवंडी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, की भाऊ, हौदाचं काम मला आंदोलनाच्या बऱ्याच आधी मिळालं होतं, तुमच्या दिपाताईनं पुष्कर साहेबाच्या टेबलापुढं तीन वेळा उभं राहून ते मंजूर करून घेतलं. ते वाक्य मी पुढच्या सभांमधून काढून टाकलं आहे. तिथं काही दुसरं घातलेलं नाही.

ती चित्रफीत याडीनं दोन दिवसांनी बघितली, जिवनबाईच्या शेजारणीच्या मोबाईलवर. एकदा बघितली, पुन्हा लावायला सांगितली, मग म्हणाली, थांबव. तू दावं सोडून वर धरतेस तिथं उन्हात काहीतरी चमकतं. याडी उठून घरी आली, कणगीमागं गेली आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. “जित्या म्हशीचं दावं कसायाच्या गेटाला बांधून आला व्हय?” ती एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

ते कुठलं दावं, हे तुला मी सांगायला नको, पण मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझी याडी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापानं आंदण म्हणून वगार, म्हशीची पारडी, दिली होती. आंदणाच्या जनावराबरोबर दावंही येतं, ते विकलेल्याचं नसतं. याडीनं आपल्या जुन्या फेटियाची, आरसे लावलेल्या घागऱ्याची, लाल पट्टी आणि तिच्यावरची एक काच त्या दाव्यात वळली. पुढं त्या वंशात जी वगार जन्मली, ती पहिल्यांदा त्याच दाव्यानं बांधली गेली. आताची आपली काळी म्हैस बांधली ती त्याच दाव्यानं, तू आठवीत असताना, आणि तू तिच्या गळ्यात ते घालताना तिनं तुझा पाय तुडवला होता. ते दावं याडीनं येणाऱ्या वगारीसाठी काढून ठेवलं होतं. मला हे कसं कळावं? अंधारी खोली, एकच खिळा, त्यावर सगळी दावी एकत्र. कुठलं गेलेल्या म्हशीचं आणि कुठलं राहिलेल्या, अशी पाटी कुणी लावली नव्हती. तू मात्र दुसऱ्या मजल्यावरून ते ओळखलंस.

बाकीची दावी तुमच्या कंपनीनं तिसऱ्या दिवशी काढली, मागच्या बाजूला ढीग केला आणि पेटवून दिली. धूर आमच्या तांड्यापर्यंत आला. बायका बाहेर उभ्या राहून बघत होत्या. जिवनबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. हे मी विसरणार नाही आणि तुमच्या पुष्कर साहेबाला विसरू देणार नाही. दर द्या, दर देऊ नका, पण माणसाच्या घरात जपलेली वस्तू कचरा म्हणून जाळायची नसते, एवढं तरी त्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं. तू तिथं होतीस. तू जाळणाऱ्यांना अडवलंस की नाही, मला माहीत नाही. भागवत म्हणतो, तू त्या दिवशी गेटबाहेर दगडावर बसून होतीस आणि आत गेलीच नाहीस. भागवत तुझ्या बाजूचा आहे, म्हणून त्याचं मी निम्मंच धरतो.

आता घरची बातमी. काळी म्हैस व्याली. वगार झाली. कपाळावर पांढरा ठिपका, पाय लांबलचक, डोळ्यांत भलताच उद्धटपणा. आणि ती मोकळी आहे. याडी तिला दुसरं दावं लावू देत नाही. मी कळमनुरीहून नायलॉनची नवी दोरी आणली, निळी, चांगली मजबूत. याडीनं ती माझ्यादेखत पत्र्यावर फेकली, अजून तिथंच पडली आहे. वगार आईचं सगळं दूध पिऊन टाकते, आम्हाला चहाला धनसिंगकडून दूध आणावं लागतं. ती ओसरीवर येते, माझ्या खाटेवर पुढचे पाय ठेवते. परवा तिनं कुरुंद्याच्या सभेसाठी लिहिलेलं भाषण चघळलं, त्यातला तुझ्यावरचा सगळा भाग. तांड्यातली पोरं मला विचारतात, की भाऊ, कंपनीला वेसण घालणारे तुम्ही, घरचं एक पारडू बांधता येईना? धनसिंग नायक तर रोज संध्याकाळी मुद्दाम बघायला येतो.

काल याडी बोलली. माझ्याशी नाही, वगारीशी, पण मला ऐकू जाईल असं. “ज्या हातानं सोडलं, त्याच हातानं बांधायचं,” म्हणाली. म्हणून हे पत्र आहे. ते दावं तू कोटाच्या खिशात घातलंस, तिथंच असेल किंवा कळमनुरीच्या तुझ्या खोलीत असेल. ते घेऊन रविवारी ये. भागवतबरोबर पाठवू नकोस, तो आणून देईल आणि याडी घेणार नाही. ठराव मोडेल, हे मला कळतं. मी धनसिंगकडं गेलो होतो. तो म्हणाला, मांडलास तू, मोडणार तू, मग दंडही तूच भर, सगळ्या तांड्याला लापशी घाल. याडीनं गूळ आधीच आणून ठेवला आहे, मला न विचारता. तू तांड्याच्या विहिरीपाशी थांब, मी तिथं असेन. आत एकटी येऊ नकोस, माझ्यामागून ये, म्हणजे ठराव पहिल्यांदा माझ्या पायानं मोडेल. जिवनबाई दारात बसलेली असेल. तिच्याकडं बघ. सोमवारी मी पुन्हा तुमच्या गेटवर असेन, तू आत असशील, आणि मी बोलतो तेच बोलीन, आवाज तसूभर खाली येणार नाही. तूही तुला वाटेल ते कर. कुरुंद्याची सभा रविवारीच होती. ती पुढं ढकला म्हणून मी निरोप पाठवला आहे. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, घरी वगार बांधायची आहे.

तुझाच,
बा